रीतिभूतकाळातील मायभूमी : परदेशस्थ कॉर्निश समाजाच्या स्नेहमेळाव्यांच्या आठवणींचा समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

स्थलांतरितांच्या साहित्याची चर्चा करताना समीक्षकांचे लक्ष बहुधा कादंबरी, कविता आणि आत्मचरित्र या प्रतिष्ठित प्रकारांकडे जाते. मंडळाच्या वार्षिक भोजनाची आठवण, दर महिन्याच्या चहापानाचे वर्णन, रौप्य किंवा सुवर्ण महोत्सवानिमित्त निघालेल्या स्मरणिकेतील ज्येष्ठ सभासदाचा लेख, अशा लेखनाला मात्र साहित्यविचारात स्थान मिळत नाही. ते भाबडे, पुनरुक्तीने भरलेले आणि केवळ स्मरणरंजनात्मक आहे, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल या प्रदेशातून जगभर पांगलेल्या कॉर्निश लोकांच्या नियमित स्नेहमेळाव्यांच्या आठवणींचा विचार केला आहे. या आठवणींत जी पुनरुक्ती दोष म्हणून दाखवली जाते, तीच त्यांचे रचनातत्त्व आहे. त्या रचनातत्त्वामुळेच या आठवणी काही गोष्टी जतन करतात आणि काही गोष्टी नकळत पुसून टाकतात, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी : खाण, स्थलांतर आणि मंडळ

कॉर्नवॉल हा तांबे आणि कथिल यांच्या खाणींचा प्रदेश. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खोल खाणकामाचे तंत्र, बाष्पयंत्रे आणि कुशल खाणकामगार यांसाठी तो जगभर ओळखला जात होता. १८६६ मध्ये तांब्याचा बाजार कोसळला आणि या प्रदेशाचे अर्थकारण खिळखिळे झाले. तत्पूर्वीच सुरू झालेल्या स्थलांतराला त्यानंतर मोठा वेग आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाखाहून अधिक माणसे कॉर्नवॉल सोडून समुद्रापार गेली. मेक्सिकोतील पाचुका आणि रेआल देल मोंते, अमेरिकेतील मिनरल पॉइंट आणि ग्रास व्हॅली, दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरा, मुंटा, कडीना आणि वॉलरू, दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड अशी या पांगापांगीची ठळक ठिकाणे सांगता येतील. भारतातील कोलारच्या सोन्याच्या खाणीही याच नकाशावर येतात. १८८० नंतर जॉन टेलर अँड सन्स या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली तेथे कॉर्निश खाणकामगार आणि अधिकारी येऊ लागले.

या माणसांना ‘कझिन जॅक’ असे टोपणनाव पडले. खाणीत एखादी जागा रिकामी झाली की प्रत्येक कॉर्निश कामगार आपल्या गावाकडच्या कुणा चुलतभावाचे नाव पुढे करतो, अशी या नावाची एक प्रचलित व्युत्पत्ती आहे. ती खरी असो वा नसो, परदेशात एकत्र जमण्यामागे केवळ भावना नव्हती, तर रोजगाराचा व्यवहारही होता, हे तिच्यातून सूचित होते. चहाच्या पेल्याबरोबर नोकरीची बातमी मिळे, आजारी माणसासाठी वर्गणी गोळा होई, नव्याने आलेल्याची राहण्याची सोय लागे.

प्रारंभी हे एकत्र येणे प्रार्थनामंदिराच्या आधाराने होत असे. जॉन वेस्ली यांच्या अठराव्या शतकातील दौऱ्यांपासून मेथडिस्ट पंथ कॉर्नवॉलमध्ये खोलवर रुजला होता. रविवारच्या धर्मशाळेची वार्षिक चहा-मेजवानी, तिच्यातील केशरी पाव, पितळी वाद्यांचा बँड आणि समूहगायन हे सारे स्थलांतरितांनी बरोबर नेले. पुढे स्वतंत्र मंडळे निघाली. लंडनमधील कॉर्निश मंडळाची स्थापना १८८६ ची, तर दक्षिण ऑस्ट्रेलियातील मंडळाची १८९० ची. लंडन हे समुद्रापार नसले तरी तेथील कॉर्निश माणूसही स्वतःला घरापासून दूर गेलेलाच मानत होता, ही बाब लक्षणीय आहे.

आठवणींचे व्याकरण

या मेळाव्यांच्या आठवणी वाचताना प्रथम जाणवते ती त्यांची एकसारखी घडण. सभागृह, लांब मेजे, मांस-बटाट्याची करंजीवजा पॅस्टी, केशरी केक, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा पहिला प्रश्न, आडनावावरून गाव ओळखण्याचा खेळ, शेवटी सर्वांनी उभे राहून म्हटलेले गाणे. देश बदलतो, दशक बदलते, परंतु तपशिलांचा क्रम फारसा बदलत नाही. अमुक एका सायंकाळी काय घडले हे क्वचितच सांगितले जाते. नेहमी काय घडत असे, ते सांगितले जाते.

मराठी व्याकरणात या कथनासाठी एक नेमकी संज्ञा आहे : रीतिभूतकाळ. ‘तो आला’ आणि ‘तो येई’ यांतील भेद मराठी भाषकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘आला’ ही घटना आहे, ‘येई’ ही रीत आहे. इंग्रजीत हा अर्थ सहायक क्रियापदांच्या आधाराने व्यक्त होतो. मराठीत तो क्रियापदाच्या रूपातच सामावतो. त्यामुळे हे लेखन इंग्रजीत असले तरी त्याचे स्वरूप मराठी वाचकाला अधिक स्पष्ट दिसू शकते. आम्ही जमत असू, वडीलधारी माणसे गात, मुले मेजाखाली खेळत, बायका चहा ओतीत : या क्रियापदांत शेकडो सायंकाळी मिळून एकच सायंकाळ तयार होते.

फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी १९७२ मध्ये कथनाच्या वारंवारितेचा विचार मांडताना एकदा घडलेले एकदा सांगणे आणि अनेकदा घडलेले एकदाच सांगणे यांतील भेद स्पष्ट केला. मार्सेल प्रूस्त यांच्या कादंबरीतील दुसऱ्या प्रकारच्या कथनाचे त्यांनी केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. प्रूस्तच्या बाबतीत हा कलावंताचा हेतुपुरस्सर विशेष ठरतो. मंडळाच्या स्मरणिकेत लिहिणाऱ्या सामान्य सभासदाकडे असा हेतू नसतो. तो रीतिभूतकाळात लिहितो, कारण त्याने जे अनुभवले तेच मुळी रीत म्हणून अनुभवले. मोरिस हालब्वाक्स यांनी १९२५ मध्ये मांडल्याप्रमाणे व्यक्तीची स्मृती समूहाच्या चौकटीत आकार घेते. दर महिन्याला ठरलेल्या वारी भरणारी सभा ही अशी अक्षरशः वेळापत्रकाने आखलेली चौकट आहे.

तथापि रीतिभूतकाळाची एक किंमत असते. ज्या गोष्टी एकदाच घडतात, त्यांना या काळात जागा नाही. भांडण, संप, अपघात, मृत्यू, एखाद्याला मंडळातून वगळणे या गोष्टी ‘होत असत’ असे म्हणता येत नाही. म्हणून मेळाव्यांच्या आठवणी अप्रामाणिक नसूनही अपुऱ्या राहतात. त्यांची गाळणी लेखकाच्या मनात नसते, ती क्रियापदातच असते.

जतन की निर्मिती?

या आठवणींविषयीचा रूढ समज असा, की परदेशातील मेळाव्यांनी मूळचे कॉर्नवॉल जतन केले. या समजाची तपासणी होणे आवश्यक आहे.

मेळाव्याच्या अखेरीस गायिले जाणारे ‘ट्रेलॉनी’ हे गीत घेऊ. ते कॉर्नवॉलचे राष्ट्रगीत मानले जाते आणि प्राचीन लोकगीताचा भाव त्याला आहे. प्रत्यक्षात प्लिमथ येथे, म्हणजे शेजारच्या डेव्हन परगण्यात, जन्मलेल्या रॉबर्ट स्टीफन हॉकर या धर्मोपदेशक कवीने जुन्या ध्रुपदाच्या आधारे ते रचले आणि १८२६ मध्ये ते निनावी प्रसिद्ध झाले. डिकन्ससारख्या लेखकालाही ते जुने लोकगीतच वाटले होते. भाषेची गोष्टही अशीच आहे. कॉर्निश भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांची परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ संपली होती. खाणकामगार मोठ्या संख्येने बाहेर पडले तेव्हा ते इंग्रजीची कॉर्निश बोली बोलत होते. भाषेच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ हेन्री जेनर यांच्या १९०४ च्या पुस्तकापासून मानला जातो. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९७३ पासून एक वर्षाआड भरणाऱ्या कॉर्निश महोत्सवाचे नाव ‘केर्नेवेक लोवेन्दर’, म्हणजे कॉर्निश आनंद, असे आहे. ज्या पूर्वजांच्या स्मरणार्थ तो भरतो, त्यांपैकी बहुतेकांना हे नाव समजलेच नसते.

माणसांच्या बाबतीतही हेच दिसते. ‘लिट्ल कॉर्नवॉल’ म्हणून गाजलेल्या मुंटा येथील खाणीवर १८६४ पासून १८९८ पर्यंत अधिकार गाजविणारे कॅप्टन हेन्री रिचर्ड हँकॉक हे जन्माने डेव्हनचे होते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कॉर्निश मंडळाच्या आरंभीच्या धुरिणांपैकी एक, वृत्तपत्रकार जॉन लँग्डन बोनिथन, यांचा जन्म लंडनचा. याचा अर्थ त्यांचे कॉर्निशपण खोटे होते, असा मुळीच नाही. अर्थ एवढाच, की परदेशातील ‘कॉर्निश’ ही ओळख जन्मदाखल्यावर आधारलेली नव्हती. ती मेळाव्यात घडत होती. मायदेशी माणूस कॅम्बोर्नचा, रेडरूथचा किंवा सेंट जस्टचा असे आणि शेजारच्या गावाशी त्याची चुरस असे. समुद्र ओलांडल्यावर आणि एका मेजाशी बसल्यावर तो कॉर्निश झाला.

फिलिप पेटन यांनी २००७ मधील मुंटाविषयक ग्रंथाच्या उपशीर्षकातच या ‘लिट्ल कॉर्नवॉल’च्या निर्मितीसाठी शोध किंवा कल्पननिर्मिती या अर्थाचा शब्द वापरला आहे, तो याच दृष्टीने. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या निर्मित परंपरांविषयीच्या ग्रंथानंतर हा विचार रूढ झाला. मात्र निर्मित म्हणजे बनावट, असे समीकरण मांडण्याची घाई करता कामा नये. गाणे १८२६ चे आहे हे ठाऊक झाल्याने ते गाणाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी खोटे ठरत नाही.

दोन आठवणकार : प्रायर आणि राउस

या संदर्भात दोन ग्रंथांची तुलना उद्बोधक ठरते. ऑस्वाल्ड प्रायर हे १८८१ मध्ये मुंटा येथेच जन्मलेले व्यंगचित्रकार. खाणीत नोकरी करीत त्यांनी कझिन जॅकची बोली, त्याचा अडेलपणा आणि हजरजबाबीपणा रेखाटला. मुंट्याच्या खाणी १९२३ मध्ये बंद पडल्या. ‘ऑस्ट्रेलियाज लिट्ल कॉर्नवॉल’ हे त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये आले. म्हणजे रीत संपल्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी ती रीत लिहिली गेली. प्रायर यांचा विनोद मायेचा आहे. विनोदात पात्रे नमुनेवजा होतात. खाणीचा कॅप्टन नेहमी तसाच वागतो, धर्मोपदेशक नेहमी तसाच बोलतो. विनोद हाही रीतिभूतकाळाचाच एक आविष्कार आहे, असे म्हणता येईल.

ए. एल. राउस यांची भूमिका निराळी आहे. सेंट ऑस्टेलजवळच्या चिनीमातीच्या खाणीतील कामगाराचा हा मुलगा ऑक्सफर्डला इतिहासकार झाला. ‘अ कॉर्निश चाइल्डहूड’ या १९४२ च्या आत्मचरित्रानंतर १९६९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कॉर्निश लोकांवर ग्रंथ लिहिला. त्यात आडनावांचा माग काढीत ते एकेका प्रदेशातून जातात. प्रायर समूहाच्या आतून लिहितात, राउस यादी घेऊन बाहेरून येतात. यादीत व्यक्ती एकेकटी येते, तिचे कर्तृत्व नोंदले जाते. परंतु ती माणसे एकत्र बसत तेव्हा काय होई, हे यादीला सांगता येत नाही. प्रायर यांच्याजवळ मेळा आहे, पण त्यात व्यक्ती नमुना होते. राउस यांच्याजवळ व्यक्ती आहे, पण तिचा मेळा सुटतो. या दोहोंमधील रिकामी जागा, आपल्या मते, एकदाच घडलेल्या सामूहिक घटनेची आहे.

मेजाबाहेरील माणसे

ही रिकामी जागा भरून काढण्यासाठी काही घटनांचा निर्देश करता येईल. १८७४ मध्ये मुंटा आणि वॉलरू येथे मोठा संप झाला. त्यात स्त्रिया झाडू घेऊन रस्त्यावर उतरल्या. ज्या स्त्रिया आठवणींत केवळ चहा ओतताना आणि केक कापताना दिसतात, त्या येथे संपाच्या आघाडीवर दिसतात. चहा-मेजवानी आणि संप ही दोन जगे वेगळी होती, असेही मानण्याचे कारण नाही. एकमेकींना ओळखण्याची, एकत्र काम वाटून घेण्याची सवय प्रार्थनामंदिराच्या आवारातच लागली असणार. ग्वेनॅप येथे १८५६ मध्ये जन्मलेले जॉन व्हेरन मेथडिस्ट प्रवचनकार होते, मुंट्याच्या खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष होते आणि १९१० ते १९१२ या काळात दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मजूरपक्षीय प्रीमियर होते. रीतीनेच घटनेची तयारी करून दिली. आठवणीने मात्र रीत ठेवली आणि घटना सोडली.

दुसरा निर्देश मायदेशी राहिलेल्या स्त्रियांचा. पुरुष परदेशी असताना कॉर्नवॉलमध्ये मागे राहिलेल्या पत्नींवर लेस्ली ट्रॉटर यांचा अभ्यासग्रंथ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘विवाहित विधवा’ असा त्यांचा उल्लेख त्याच्या शीर्षकात येतो. आपल्या कोकणातील चाकरमान्याच्या घरच्या मनीऑर्डरची वाट पाहणारी स्त्री ज्यांना परिचित आहे, त्या वाचकांना हे जग वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. परदेशातील मेळाव्यात ज्या ‘घरा’साठी पेला उंचावला जाई, ते घर प्रत्यक्ष चालविणारी व्यक्ती त्या मेजाशी नव्हती.

तिसरा निर्देश मृत्यूचा. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत यांत्रिक छिद्रणामुळे उडणाऱ्या धुळीने अनेक कॉर्निश कामगारांची फुप्फुसे निकामी झाली आणि ते परत येऊन अकाली मरण पावले. कॉर्निश खाणकामगारांच्या आरोग्याविषयी जे. एस. हॉल्डेन आणि सहकाऱ्यांचा १९०४ चा अहवाल या वस्तुस्थितीचा दस्तऐवज आहे. मेळाव्यातील गाणे ज्या फुप्फुसांनी म्हटले जाई, त्यांचा हा अहवाल होता.

शेवटचा निर्देश इतरांचा. मुंटा ज्या यॉर्क द्वीपकल्पावर वसले, ती नारंगा या आदिवासी समाजाची भूमी होती. १८६८ मध्ये त्यांच्यासाठी पॉइंट पिअर्स येथे मिशन उभे राहिले. कोलारमध्ये एकीकडे युरोपियनांचे बंगले आणि क्लब होते, तर दुसरीकडे बहुसंख्येने तमिळभाषक, त्यांतही मोठ्या प्रमाणावर दलित, अशा कामगारांच्या चाळी होत्या. जानकी नायर यांनी म्हैसूर संस्थानातील खाणकामगार आणि गिरणीकामगार यांवर १९९८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या कामगारांच्या जीवनाचा आणि १९३० च्या संपाचा इतिहास येतो. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. परक्या देशात घरपण उभे करणाऱ्या मंडळाचा उंबरठा कुणासाठी तरी बंद असतो. हा दोष केवळ कॉर्निश समाजाचा नव्हे. तथापि आठवणींच्या वाचनात त्याची नोंद झालीच पाहिजे.

एका आक्षेपाचा विचार

येथे असा आक्षेप संभवतो, की सामान्य माणसाच्या जिव्हाळ्याच्या आठवणींकडून इतिहासाच्या साऱ्या जबाबदाऱ्यांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. वृद्ध सभासदाने लहानपणीच्या केशरी पावाची आठवण लिहिली, तर तिच्यात संप आणि आदिवासी कोठून यावेत? हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. दोष आठवणीचा नाही. प्रश्न तिच्या पुढील उपयोगाचा आहे. कॉर्नवॉलमधील शेवटची कथिलाची खाण, साउथ क्रॉफ्टी, १९९८ मध्ये बंद झाली. २००६ मध्ये तेथील खाणप्रदेशाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचे स्थान मिळाले. २०१४ मध्ये ब्रिटिश शासनाने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. अशा वेळी मेळाव्यातील आठवण खाजगी राहत नाही. ती वारसास्थळाच्या फलकावर, महोत्सवाच्या पत्रकात आणि अस्मितेच्या दाव्यात पुरावा म्हणून येते. केवळ रीतच पुरावा ठरली, तर पॅस्टी, झेंडा आणि गाणे एवढेच कॉर्निशपण शिल्लक उरेल आणि ते पर्यटनाला सहज विकता येईल. ज्यांनी खाणीत श्रम केले, संप केला, धूळ गिळली, त्यांचा अस्मितेवरील हक्क मात्र निराधार होईल.

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले : हरवलेले घर जसेच्या तसे उभारू पाहणारे आणि हरवण्यावरच चिंतन करणारे. कॉर्निश मेळाव्यांच्या आठवणी पहिल्या प्रकारात टाकल्या जातात. बारकाईने वाचल्यास त्यांत दुसऱ्या प्रकाराच्या खुणाही सापडतात. ‘मग हळूहळू माणसे कमी येऊ लागली’ अशा धर्तीचे वाक्य या प्रकारच्या लेखनात बहुधा शेवटाकडे येते. रीतिभूतकाळ तेथे मोडतो आणि साधा भूतकाळ सुरू होतो. समीक्षकाने थांबावे असे ते ठिकाण आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. नियमित मेळाव्यांच्या आठवणींतील पुनरुक्ती हा त्यांचा दोष नसून त्यांचे रचनातत्त्व आहे. या मेळाव्यांनी कॉर्नवॉल जसेच्या तसे जतन केले नाही. अनेक गावांच्या माणसांतून ‘कॉर्निश’ ही व्यापक ओळख घडविली. रीतिभूतकाळाच्या स्वभावामुळे संप, मृत्यू आणि वगळणूक या एकदाच घडणाऱ्या घटना व त्यांच्याशी निगडित माणसे या आठवणींबाहेर राहतात. म्हणून अशा लेखनाचे वाचन त्याच काळातील अहवाल, संपाच्या नोंदी आणि मागे राहिलेल्यांचा पत्रव्यवहार यांच्या जोडीने होणे अगत्याचे आहे.

१९३२ मध्ये लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, तेव्हा त्याच शहरातील कॉर्निश मंडळाला सेहेचाळीस वर्षे झाली होती. देशोदेशीच्या मराठी मंडळांच्या स्मरणिका आज आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत धूळ खात पडलेल्या असतात. मराठी विभागांनी त्या साहित्याचा ऐवज म्हणून हाती घेतल्या, तर ‘जमत असू’ आणि ‘जमलो’ यांतील अंतर विद्यार्थ्यांना तेथेही मोजता येईल. रीत सांगणाऱ्याकडे अखेरीस एक साधा प्रश्न विचारावयाचा असतो : त्या साऱ्या सायंकाळींपैकी कोणती सायंकाळ वेगळी होती, आणि त्या दिवशी कोण आले नव्हते?